नऊशे तास

हबीब चाऊसनं ते कलम
क्लीनरच्या सीटवर बसवून आणलं.
जाताना जालन्याची मोसंबी,
येताना शोपियानच्या नासपतीच्या पेट्या,
आणि त्या खेपेला ओल्या गोणपाटात
हात-दीड हात उंचीची एक काडी.
नाक्यावर विचारलं म्हणे, ही कोण?
"सवारी है," म्हणाला.

परभणीत दर्ग्यामागच्या गल्लीत,
मोरीचं पाणी जातं तिथं, लावलं.
मग माझ्याकडे आला, कारण हिवाचा हिशेब माझ्याकडे.
अठरा वर्षं मी पहाटे
विद्यापीठाच्या आवारातली पांढरी जाळीची पेटी उघडते,
पारा रात्री कुठवर मागं सरला
ते वहीत लिहिते.
"बाई, इसकू ठंडी होना बोलते. कित्ती होना?"

सात अंशांच्या खाली, नऊशे तास.
काही जाती सहाशेवर भागवतात,
काही हट्टी, बाराशे मागतात.
टँकरनं आणता येईल अशी ती गोष्ट नव्हे.
त्याला उंची लागते, बर्फावरून उतरणारा वारा लागतो,
पान अन् पान झडून जाईल
आणि फांदीवरचे डोळे गच्च मिटतील
अशी मुकी, लांबलचक थंडी.
नासपतीचं फूल झोपेतून येतं,
झोप पुरी झाली तर.

इथं कुणाची झोप पुरी होते?
आठव्या दिवशी नळ येतो, तोही रात्री अडीचला,
गल्लीभर घागरी वाजतात.
एप्रिल लागला की गच्चीवर पाणी मारून
आम्ही वाफेत कूस बदलत राहतो.
त्या झाडाचंही तसंच झालं:
पौषातसुद्धा निम्मी पानं अंगावर,
डोळे किलकिले.

तरी मोजले.
पहिल्या हिवाळ्यात एकोणतीस तास.
दुसऱ्यात ढग, अकरा.
मेहरुन्निसानं बर्फाच्या कारखान्यातून
अर्धी लादी आणून बुंध्याशी ठेवली,
शाळा सुटल्यावर पोरांनी फोडून खाल्ली.
तिसऱ्या वर्षी पारा पाचावर आला,
पेपरात परभणीचं नाव सगळ्यांच्या वर,
शाळा तासभर उशिरा,
आणि हबीब नुसत्या बनियनवर अंगणात उभा.
"गिरने दो, और गिरने दो."
नऊला ऊन आलं. पत्रे तापले.
एकूण एकशे चार.

शेजारच्या पडक्या भिंतीत
कुणी न लावलेलं सीताफळ आहे,
दगडातून उगवलेलं.
ते दरसाल लगडतं, त्याला कुणी काही विचारत नाही.

सांगायला हवं होतं मी, की हे व्हायचं नाही.
त्याऐवजी, यंदाच्या जानेवारीत,
पेटीतला पारा सात पूर्णांक चारवर होता
तेव्हा सरकारी वहीत मी सात पूर्णांक चारच लिहिलं,
आणि हबीबसाठीच्या चतकोर डायरीत
सहा पूर्णांक आठ.
हात थरथरला, ते थंडीनं म्हणावं
तर तेवढी थंडी नव्हती.
त्या डायरीत आता
तीनशे बारा तास जमलेत.
तो दर शुक्रवारी येऊन बेरीज करतो,
बोटं दुमडत, ओठ हलवत.
एकदा पान उलटताना थांबला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि "चाय पिओ बाई" एवढंच म्हणाला.

परवा वरून परत आला.
एप्रिलचा पहिला आठवडा, अंगण भट्टीसारखं.
झाडाला एका डोळ्यातून तीन पानं फुटलेली,
बाकीचे अजून तसेच, ना जागे ना झोपलेले.
त्यानं खिशातून फोन काढला.
डोंगरउतारावरची बाग,
पांढरीशुभ्र, एक पान दिसत नाही इतकी फुललेली.
मला वाटलं मला दाखवतोय, मी पुढं झाले.
तो झाडाकडे गेला,
वाकून फोन फांदीसमोर धरला,
आणि उभा राहिला बराच वेळ.
स्क्रीन विझली की पुन्हा बोट लावत होता.